फॅक्सच्या रकान्यात

मी नक्की काय काम करते हे माझ्या नवऱ्याला अजूनही नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं की ते म्हणतात, "ही दुकानांना कॉम्प्युटर लावते." जसं काही मी घरोघरी पंखे लावत फिरते. अठ्ठावीस वर्षं झाली, आता मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

काम तसं साधं आहे. कोणताही धंदा घ्या. कोणाची ऑर्डर आली, माल कुठे आहे, कोणता माणूस कुठे पाठवलाय, गिऱ्हाईक मागच्या वेळी काय बोललं होतं, हे सगळं चार ठिकाणी विखुरलेलं असतं: एक वही, एक डायरी, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मालकाचं डोकं. ते एका जागी आणणारं सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या बनवतात. ते बनवणारी मंडळी काचेच्या इमारतीत बसतात आणि त्यांनी आयुष्यात एकही गोदाम आतून पाहिलेलं नसतं. मग ते सॉफ्टवेअर घेऊन मी स्कूटरवरून त्या गोदामात जाते, चार दिवस एका खुर्चीत बसून कोण काय करतं ते बघते आणि तयार कपडा शिंपी अंगाला बसवून देतो तसं ते त्या धंद्याला बसवून देते. इतकंच.

आता यातली एक गोम सांगते, जी कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. कुठलाच धंदा त्या रकान्यांत बसत नाही. माणसं मग आपली आपण वाट काढतात आणि भलत्याच रकान्यात भलतंच लिहितात.

मार्केट यार्डात मसाल्याचे एक व्यापारी आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंच्या यादीत काही गिऱ्हाइकांच्या नावाआधी दोन झेड लावलेले होते. मी तेव्हा नवखी होते, मला वाटलं टायपिंगची चूक. मी पुसायला गेले तर भाऊंनी हात आडवा घातला. "अहो मॅडम, झेड लावले की नाव यादीत तळाला जातं. तळाला गेलं की पोरं आपणहून तिथे फोन करत नाहीत. भांडकुदळ माणसं आहेत ती. त्यांच्याशी फक्त मी बोलतो."

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाची रोपं विकणारे एक जण आहेत. त्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ह्यात बघू म्हनून खाना हाय का?" मला कळेना. सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरला दोनच अवस्था होत्या, नक्की आणि रद्द. ते म्हणाले, "शेतकरी हो म्हनत न्हाई आन् न्हाई बी म्हनत न्हाई. त्यो म्हनतो, बघू. आन् बघू म्हनलेला येतो की. त्याची रोपं ठेवावी लागत्यात." म्हणणं बिनतोड होतं. मी त्यांना 'वाहनाचा प्रकार' हा रकाना देऊन टाकला. तेव्हापासून त्यांच्या कागदांवर टेम्पो, ट्रॅक्टर आणि बघू अशी तीन वाहनं धावतात.

हसू नका. हीच माझी खरी कमाई आहे, असं मी समजत होते. सॉफ्टवेअर कोणीही बसवेल. बघू कुठे बसवायचा हे कळायला गोदामात बसावं लागतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

बिबवेवाडीत लिफ्टची देखभाल करणारी एक जुनी फर्म आहे. नाव सांगत नाही, त्यांना आधीच पुरेसा मनस्ताप झालाय आणि त्यातला बराचसा माझ्यामुळे. अण्णांनी ती सुरू केली. आता अण्णा घरी असतात आणि त्यांची मुलगी मृण्मयी फर्म बघते. तक्रारींच्या फोनवर पहिल्या दिवसापासून शैलाताई बसतात. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, आवाज असा की अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसाला फोनवरच धीर यावा. तीनशेच्या वर इमारती त्यांच्याकडे आहेत.

एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथे सॉफ्टवेअर बसवत होते. इमारतीचं नाव, पत्ता, लिफ्ट कोणत्या बनावटीची, शेवटची तपासणी कधी झाली, सगळे रकाने भरून झाले. शैलाताई म्हणाल्या, "छान आहे. पण आत कोण राहतं ते कुठे लिहू?"

"ते कशाला हवंय? लिफ्ट इमारतीची असते."

"म्हणजे काय मॅडम? एका वेळी तीन लिफ्ट बंद पडल्या आणि माणूस एकच मोकळा आहे, तर त्याला आधी कुठे पाठवायचा ते इमारतीवरून थोडंच ठरतं?"

नवा रकाना हवा असेल तर कंपनीला अर्ज करायचा, मग कंपनी महिनाभराने नाही म्हणणार, अशी तेव्हाची रीत होती. मी पडद्याकडे बघितलं. पत्त्याखाली एक रकाना होता, फॅक्स क्रमांक. मी म्हटलं, "सोसायट्यांकडे कुठे आलाय फॅक्स? इथे लिहा. फक्त पंचवीस अक्षरं मावतात, तेवढं सांभाळा."

त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळलं. इंग्रजी लिपीतलं मराठी, पंचवीस अक्षरांच्या आत. 'कुत्रा सोडलेला. फोन.' 'वॉचमनकडे किल्ली नाही.' 'सेक्रेटरी बहिरे.' 'तळमजला क्लास ५ ला.' 'बाळंतीण ३रा मजला.' बाळंतीण पुढे काढून टाकायच्या, बाकीचं ठेवायचं. फोन आला की आधी तो रकाना बघायचा आणि मग ठरवायचं कोणाला कुठे पाठवायचं. अशा सव्वातीनशे इमारतींपैकी एकीच्या पुढे लिहिलं होतं, 'कदम बाई ४था मं-शु ७.'

कदम बाई म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. चौथा मजला. घरात त्या आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कदम सर, दोघंच. बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसातच्या ठोक्याला यंत्रावर. त्या यंत्रावर त्यांच्यामागे दुसरा पेशंट थांबलेला असतो, त्यामुळे उशीर चालत नाही. बाई स्वतःच्या पायांनी चार मजले उतरू शकत नाहीत. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजता, आभाळ कोसळलं तरी ती लिफ्ट चालू हवी. शैलाताईंच्या पंचवीस अक्षरांचा अर्थ एवढा होता.

आणि मी? मी तो रकाना विसरून गेले. एकोणीस वर्षांत किती रकाने किती लोकांना देऊन टाकले, त्यातला हा एक.

उलट मी त्या फर्मची जाहिरात करत फिरत होते. आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा त्यांच्याकडेच आहे. नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की मी सांगायचे, "माझ्या स्वतःच्या घरचं उदाहरण देते. आमची लिफ्ट बंद पडली की वीस मिनिटांत माणूस दारात. ही या सॉफ्टवेअरची करामत." मांजरीच्या रोपवाल्यांनाही हेच सांगून पटवलं होतं. आठ-दहा वर्षं सांगत होते. लोक माना डोलवायचे.

मग आलं ते एआय. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणायला कोणाला वेळ नाही. कंपनीने त्याला मुलीचं गोड नाव ठेवलंय, ते मी घेत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आता एक खिडकी उघडते आणि ती तुम्हाला नमस्कार करते. पूर्वी सॉफ्टवेअरला काही कळत नव्हतं आणि ते गप्प बसत होतं. आताही त्याला काही कळत नाही, पण ते बोलतं. मला याचा जो वैताग आलाय तो मी शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून भाऊंचं सांगते. गेल्या दिवाळीत एआयने भाऊंच्या यादीतले झेड स्वतःहून 'शुद्धलेखन' म्हणून दुरुस्त केले आणि त्या सगळ्या भांडकुदळ मंडळींना शुभेच्छा पाठवल्या. खाली ओळ होती, आपण आमचे खास ग्राहक आहात, काही तक्रार असल्यास अवश्य कळवा. त्यांनी अवश्य कळवली. भाऊंनी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, हे तुमचं बाळ शाळेत कधी जाणार?"

एवढा हातच्या कांकणासारखा पुरावा समोर असताना मी शहाणी व्हायला हवी होते. पण नाही.

यंदा उन्हाळ्यात मृण्मयीने बोलावलं. हुशार मुलगी आहे, कामाला वाघ. "मॅडम, आता तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर येतील आणि एआय डायरेक्ट असाइन करेल. शैलाताईंना किती लोड पडतो बघा ना. बट आपला डेटा खूप मेसी आहे. तो क्लीन करावा लागेल."

शैलाताई पलीकडे फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "घाबरू नका काका, दार ढकलू नका, माणूस निघालाय." त्यांना काय लोड पडत होता ते मला दिसत नव्हतं. पण मी मान हलवली. साठी उलटल्यावर माणूस मागे पडलाय असं दिसायला नको, म्हणून किती वेळा मान हलवतो याचा हिशेब नाही.

खरं सांगते, एआयने कामही झकास केलं. एकच इमारत तीन नावांनी होती, ती शोधली. बंद पडलेले फोन नंबर शोधले. मला जे करायला चार दिवस लागले असते ते त्याने चहा येईपर्यंत केलं. मग समोर यादी आली. अमुक रकाना, इतक्या नोंदी सदोष, काढून टाकाव्यात? त्यातली एक ओळ होती: फॅक्स क्रमांक, तीनशे बारा नोंदी अवैध, कारण आकडे नाहीत. नमुना म्हणून शेजारी दोन नोंदी दाखवल्या होत्या. एकीत नुसती आडवी रेघ होती, दुसरीत दोन टिंबं.

चहा आला होता. मी खाली 'सर्व मान्य' वर बोट ठेवलं.

हो, मीच. एआयने काही चोरून केलं नाही. विचारून केलं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की पुसण्याआधी उघडून बघा. पालथ्या घड्यावर पाणी घालणारी मी, आणि घडाही मीच.

पुढे त्याने आणखी एक उपकार केला. रकाना रिकामा दिसतोय म्हणून पडद्यावरून तो काढूनच टाकला. स्वच्छ, मोकळा पडदा. मृण्मयी म्हणाली, "वॉव."

तिसऱ्या आठवड्यात शैलाताईंचा फोन आला. मी रस्त्यात होते, सिग्नलला. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझा फॅक्स दिसत नाहीये."

आता हे लिहिताना सुद्धा कानशिलं गरम होतात. आम्हा पुणेकरांना एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं खोचक उत्तर तयार असतं, आणि ते वाया जाऊ द्यायचं जिवावर येतं. मी म्हटलं, "शैलाताई, फॅक्स शोधताय? मग तार पण शोधा, मिळाली तर दोन्ही संग्रहालयात देऊन टाकू."

त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं मॅडमनीच दिला होता रकाना, मॅडमनीच काढला, म्हणजे काहीतरी नवीन सोय केली असेल. माझ्यावर विश्वास होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याच सुमारास आमची लिफ्ट बंद पडली. माणूस यायला सहा तास लागले. मी त्या मेकॅनिकवर जिन्यातच तोंडसुख घेतलं. "वीस मिनिटांत येत होतात, आता अंगात काय शिरलंय?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मोबाईलवर जसा नंबर लागतो तसा येतो." मी म्हटलं, हल्लीची माणसंच कामचुकार. वीस मिनिटं झाली तर श्रेय सॉफ्टवेअरचं आणि सहा तास लागले तर दोष माणसाचा, हे गणित मी किती सहज मांडलं बघा.

मग तो मंगळवार आला.

सकाळी पावणेसातला कदम बाईंच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत कोणी नव्हतं. सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅप केला. एआयने त्याच मिनिटाला उत्तर दिलं, शुद्ध मराठीत: आपली तक्रार नोंदवली आहे, प्राधान्य सर्वसाधारण, तंत्रज्ञ दुपारी साडेबारा ते अडीच दरम्यान येतील. सेक्रेटरींनी लिहिलं, अहो, पेशंट आहे. उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.

ते वाक्य मी अनेकदा वाचलंय. आम्ही समजू शकतो. काय समजू शकतो?

जुना फोन शैलाताईंच्या टेबलावर होता, पण त्यांची सकाळी सहाची वेळ आता नऊची केली होती. लोड कमी व्हावा म्हणून.

सात वाजून पाच मिनिटांनी कदम सरांनी वॉचमनला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं. बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं आणि दोघांनी खुर्ची उचलली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा एक पाय मुडपला. बाई पडल्या नाहीत, दोघांनी सावरलं. पण बाईंचा डावा हात भिंतीवर जोरात आपटला. डायलिसिस ज्या हातातून करतात तोच हात. तिथली शीर शस्त्रक्रिया करून तयार केलेली असते आणि ती जिवापाड जपायची असते, त्या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नसते. तो हात सुजला. रक्त आत साकळलं. शीर निकामी झाली. त्या दिवशी मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं आणि बाई आठ दिवस दवाखान्यात राहिल्या.

मृण्मयीने फोन करून हे सगळं सांगितलं. मी पोचले तर तिने पडदा दाखवला. त्या तक्रारीपुढे हिरवी खूण होती: वेळेत सोडवली. बरोबरच होतं. माणूस पावणेएकला आला, म्हणजे दिलेल्या वेळेत आला. खाली निर्णयाचं कारणही दिलं होतं. इमारत चार मजल्यांची, करार साध्या दर्जाचा, इमारतीत दवाखाना नाही, विशेष नोंद नाही.

"विशेष नोंद नाही," मृण्मयीने वाचलं. "मॅडम, ताई म्हणतात नोंद होती."

शैलाताई त्यांच्या टेबलापाशी बसल्या होत्या. पर्स मांडीवर, चष्मा हातात. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा फॅक्स कुठे गेला म्हणून मी विचारलं होतं तुम्हाला."

तेव्हा मला आठवलं. पंचवीस अक्षरं, एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार, सगळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाच्या नावाने बोटं मोडणार?

तुम्ही विचाराल, जुनी प्रत नव्हती का? होती. नव्या व्यवस्थेत ती फक्त सात दिवस ठेवतात आणि पुसून महिना उलटून गेला होता. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात होता तो मृण्मयीने नव्याच्या बदल्यात दुकानात देऊन टाकला होता. एआयला विचारलं. ते म्हणालं, ती माहिती उपलब्ध नाही, पण मी तुमच्यासाठी अंदाजे नोंदी तयार करू शकते. अंदाजे कदम बाई. मी ती खिडकी बंद केली.

तीनशे बारा नोंदी आता जगात एकाच ठिकाणी होत्या, शैलाताईंच्या डोक्यात.

आम्ही दोघी नऊ दिवस बसलो. मी इमारतीचं नाव वाचायचे, त्या चष्मा कपाळावर सरकवून डोळे मिटायच्या आणि सांगायच्या. "गंगाधाम रस्त्याची ना? मीटर रूमची किल्ली दूधवाल्याकडे." "ह्यांचे चेअरमन आणि सेक्रेटरी बोलत नाहीत एकमेकांशी, दोघांना वेगवेगळा फोन." "इथे एक मुलगा आहे पाचव्या मजल्यावर, चाकाच्या खुर्चीवरचा. दहावीला असेल आता. नाही, अकरावीला." मी लिहीत होते आणि लाजत होते. करामत यांची होती, आणि मी ती सॉफ्टवेअरची म्हणून सांगत फिरत होते.

एकवीस इमारती त्यांना आठवल्या नाहीत. काहीतरी होतं, पण काय होतं ते येईना. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. म्हणाल्या, "लिहून ठेवलं होतं ना, म्हणून विसरले."

मग आम्ही त्या एकवीस ठिकाणी फोन केले. काय विचारायचं हाच प्रश्न होता. शेवटी शैलाताईंनीच वाक्य ठरवलं: "तुमच्याबद्दल आमच्याकडे काहीतरी लिहिलेलं होतं, ते आमच्याकडून हरवलं. परत सांगाल का?" मला वाटलं लोक झापतील. एक-दोघांनी झापलंही. पण बाकीच्यांनी सांगितलं. एका आजोबांनी पंधरा मिनिटं सांगितलं, त्यात लिफ्टचा संबंध शेवटच्या मिनिटाला आला.

मृण्मयीने त्या रकान्याला इंग्रजीत भारदस्त नाव द्यायचं ठरवलं होतं. शैलाताई म्हणाल्या, "फॅक्सच राहू दे. मला तिथेच बघायची सवय आहे." राहिलं. आता एआयने माणूस नेमण्याआधी तो रकाना वाचायचा, आणि तिथे काही लिहिलेलं असेल तर स्वतः काही न ठरवता शैलाताईंना फोन लावायचा, असं मी बसवून दिलंय. शैलाताईंची वेळ परत सहाची झालीय, त्यांच्या हट्टाने. एआय हे सगळं नीट करतं. शिकवलं तर शिकतं, नाही म्हणत नाही मी. आपण शिकवलेलं आपणच विसरलो तर ते काय करणार?

त्या नऊ दिवसांतल्या आठव्या दिवशी, बाई घरी आल्यावर, मी कदम बाईंकडे गेले. लिफ्ट चालू होती, मी जिन्याने गेले. प्रायश्चित्त वगैरे नाही, लिफ्टमध्ये पाय टाकवेना. दार कदम सरांनी उघडलं. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं. सर म्हणाले, "तुमच्या त्या यंत्राचा मेसेज आला होता. सेवा कशी वाटली, पाच पैकी तारे द्या म्हणून."

"काय दिलंत?"

"आम्ही दवाखान्यात होतो. वेळ झाला नाही."

बाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. मानेला पट्टी, त्यातून नळीची दोन टोकं बाहेर. दुसऱ्या हातात नवी शीर करायचीय, ती तयार व्हायला काही महिने लागतील आणि तोवर ही नळी. डोक्यावरून अंघोळ नाही, कुशीवर झोप नाही. मी माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं.

"चूक काय झाली ते कळलंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सांगा बघू."

मी सांगितली. उघडून न बघता पुसलं. विचारणाऱ्या बाईचं ऐकून घेतलं नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बसा. सर, चहा टाका." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

नवव्या दिवशी यादी संपत आली. शेवटच्या पानावर आमची सोसायटी होती. मी नाव वाचलं आणि हसत म्हटलं, "ही माझीच. हिच्यात काय असणार?"

शैलाताई डोळे न मिटताच म्हणाल्या, "ही सोडा. पुढची घ्या."

"म्हणजे काही नव्हतं ना?"

"होतं. आता लागत नाही."

"काय होतं?"

त्या थोडा वेळ पर्सची चेन चाळवत राहिल्या. "मॅडमची आई. धाप."

माझी आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावर, छातीच्या दुखण्याने. दोन पायऱ्या चढली तरी श्वास पुरत नसे. रोज संध्याकाळी ती खाली बाकावर बसायला जायची, तेवढाच तिचा विरंगुळा. लिफ्ट बंद पडली की वीस मिनिटांत माणूस यायचा. ती खालीच अडकली असं एकदाही झालं नाही. त्या वीस मिनिटांवर मी आठ-दहा वर्षं माल खपवला.

"आई जाऊन तीन वर्षं झाली, शैलाताई."

"माहितेय. मी आले होते की. मग ऑफिसात येऊन ती नोंद काढायला गेले, पण हात धजला नाही."

म्हणजे ती नोंद शेवटी मीच पुसली होती. चहा आला होता तेव्हा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शैलाताईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसल्या.

जरा वेळाने मी डोळे पुसून विचारलं, "मग रिकामं ठेवू?"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. फर्मचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, आणि गेले नऊ दिवस मी कठडा धरून तो जिना कशी चढत होते ते त्यांना खुर्चीतून दिसत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "लिहा. मॅडम. गुडघे. घाई नाही."

मी निमूटपणे लिहिलं.